शोधलेले सापडत का नाही?



आपल्याकडे आयटीवाल्यांना तोटा नाही, पण हा लेख ज्यांची मुले शाळेत पायथॉन शिकू लागली आहेत त्या आई-बाबांसाठी. या भाषेसाठी लोकांनी लिहून ठेवलेला तयार कोड, म्हणजे पॅकेजेस, 'पायपीआय' नावाच्या कोठारात फुकट मिळतो. २००३ साली सुरू झालेल्या या कोठारात आज पाच लाखांहून जास्त पॅकेजेस आहेत.

त्यातून हवे ते शोधताना पहिली पंचाईत नावाची. आपल्या मंडळाची डिरेक्टरीच बघा ना! दीक्षित कोणी 'एक्स' घालून लिहितो, कोणी 'केएसएच'. कॅपिटल-स्मॉल, आडवी रेघ की टिंब, असले फरक पायपीआय मानत नाही. पण एक्सेलच्या फायली वाचणाऱ्या पॅकेजचे नाव 'ओपनपायएक्सएल', त्यात 'एक्सेल' हा शब्दच नाही! लेखक नाव ठेवतो आपल्या मनाने, शोधणारा शोधतो कामाने. म्हणून शोधयंत्राला नावाबरोबर वर्णनही चाळावे लागते, आणि कशाला किती गुण द्यायचे हे ठरवावे लागते.

ते ठरवायला वापरणाऱ्यांचे म्हणणे लागते. आम्ही ऑफिसात अशाच एका छोट्या कोठाराचा शोध सांभाळतो. "तुमचा सर्च बेकार आहे" या तक्रारीचे आम्ही काय करणार? काय टाइप केले, काय आले, काय यायला हवे होते, एवढे कळले की अर्धे काम झाले. आणि कोणी शोधून काहीच न उघडता निघून गेला, तर तीही तक्रारच.

कधी उपाय शोधयंत्राच्या बाहेर असतो. 'सायकिट-लर्न' प्रोग्रॅममध्ये 'एसकेलर्न' म्हणून लिहितात, त्यामुळे हजारो लोक इन्स्टॉल करतानाही तेच नाव टाकत. त्या नावाचे एक पोकळ पॅकेज लोकांना योग्य जागी पोचवत असे. डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने बंद केले, आणि आता तिथे खरे नाव सांगणारा संदेश येतो.

हा खटाटोप नुसत्या सोयीसाठी नाही बरं का. २०१८ मध्ये 'जेलीफिश' या पॅकेजच्या नावात स्मॉल 'एल'च्या जागी कॅपिटल 'आय' घालून कोणीतरी बनावट पॅकेज टाकले होते. दिसायला सारखेच, पण ते लोकांच्या गुप्त किल्ल्या चोरत होते! म्हणून मुलांना सांगा, नाव अंदाजाने टाइप करू नका, मूळ प्रकल्पाच्या पानावरून कॉपी करा.

सगळ्याच मागण्या पुऱ्या होतात असे मात्र नाही. 'पिप सर्च' ही आज्ञा सर्व्हरवरचा ताण झेपेना म्हणून डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली. लोकांनी पुष्कळ विनवले, पण ती काही परत आली नाही. तेव्हा जुन्या पुस्तकात ती दिसली आणि चालली नाही, तर चूक तुमच्या मुलाची नाही.