ग्राफिक्स कार्ड आत्ता बदलायचं की थांबायचं?

जीटीएक्स १०६० वाल्यांनो, माझं मत स्पष्ट आहे: आता थांबू नका. २०१६ चं हे कार्ड भरपूर चाललं, पण 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' या गेम्सना हार्डवेअर रे ट्रेसिंग लागतंच. ते या कार्डात नाही, त्यामुळे सेटिंग कितीही खाली आणलं तरी उपयोग नाही.

आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) असेल आणि १०८०पी वर खेळत असाल, तर खुशाल थांबा.

पैसे काढण्याआधी एक गोष्ट मात्र कराच. एमएसआय आफ्टरबर्नर लावून नेहमीचा गेम अर्धा तास खेळा. फ्रेम लिमिट आणि व्ही-सिंक बंद ठेवा. जीपीयूचा वापर ९५ टक्क्यांच्या वर राहिला तर कार्डच कमी पडतंय. तो ६० च्या आसपास घुटमळत असेल तर अडचण बहुधा प्रोसेसरची. नवं कार्ड टाकून फारसा फरक दिसणार नाही.

मदरबोर्डही बघा. आरटीएक्स ५०६० आठच लेन वापरतं आणि बी४५० सारख्या जुन्या बोर्डवर पीसीआयई ३.० असतं. ८ जीबी मेमरी भरली की डेटा सिस्टिम रॅममधून याच अरुंद वाटेने येतो आणि गेम अडखळायला लागतो. अशा बोर्डवर मी आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीच सुचवेन; ते पूर्ण सोळा लेन वापरतं. लॅमिंग्टन रोडवर भाव काढताना ८ जीबीचा की १६ चा, हे आधी विचारा. नाव दोन्हींचं एकच आहे!