गोव्याच्या अर्थव्यवस्थेतील शेती

गोव्याच्या अर्थव्यवस्थेतील शेती हा राज्याच्या आर्थिक इतिहासातील तसेच सध्याच्या रोजगाररचनेतील महत्त्वाचा विषय आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भातशेती, नारळ-सुपारीच्या बागा, मिठागरे व मासेमारी हे गोव्यातील ग्रामीण उपजीविकेचे मुख्य आधार होते. त्यानंतर खाणकाम, शासकीय सेवा, उद्योग व पर्यटन यांचा विस्तार झाला. त्यामुळे राज्याच्या उत्पन्नातील आणि रोजगारातील शेतीचा वाटा घटत गेला. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील सुमारे ५.७७ लाख काम करणाऱ्यांपैकी सुमारे ३१ हजार शेतकरी आणि सुमारे २७ हजार शेतमजूर होते. दोन्ही मिळून हे प्रमाण जवळपास १० टक्के होते. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते.

जमीन आणि पिके

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेला अरबी समुद्र व पूर्वेला सह्याद्री असल्याने थोड्या अंतरात जमिनीचा प्रकार बदलतो. भातजमिनीचे परंपरेने तीन प्रकार मानले जातात: नदीमुखालगतची सखल व खारी खाजन जमीन, मधल्या पट्ट्यातील वालुकामय खेर जमीन आणि उंचावरील मोरड जमीन. पावसाळी भातपिकाला सरद, तर हिवाळी पिकाला वायंगण म्हणतात. फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण इत्यादी तालुक्यांत झऱ्यांच्या पाण्यावर वाढवलेल्या कुळागरांत सुपारी, नारळ, केळी व मिरी ही पिके एकत्र घेतली जातात.

लागवडीखालील क्षेत्राचा विचार करता काजू हे राज्यातील सर्वांत मोठे पीक आहे. हे झाड पोर्तुगीजांनी भारतात आणले. काजूच्या बोंडांच्या रसापासून हुर्राक व फेणी तयार करतात. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फेब्रुवारी-मार्च ते मे या हंगामात बोंडे वेचणे, रस काढणे व भट्टी लावणे या कामांतून ग्रामीण कुटुंबांना रोख उत्पन्न मिळते.

गावकारी आणि खाजन व्यवस्था

पोर्तुगीज राजवटीपूर्वीपासून अनेक गावांतील जमीन गावकारी या सामूहिक संस्थेकडे होती. पोर्तुगीज काळात तिला कोमुनिदाद हे नाव मिळाले. कोमुनिदाद शेते लिलावाने कसण्यास देत असे, त्या उत्पन्नातून बांध व रस्ते यांचा खर्च भागवत असे आणि उरलेली रक्कम गावकारांना ‘झण’ म्हणून वाटत असे.

या व्यवस्थेचे महत्त्व खाजन जमिनीत विशेष दिसते. सुमारे १८ हजार हेक्टर क्षेत्रावरील ही जमीन भरतीच्या पाण्यापासून राखण्यासाठी माती, दगड व पेंढा यांचे बांध घातलेले असतात. बांधातील लाकडी दारांच्या झडपेला मानस म्हणतात. भरतीच्या दाबाने ती बंद होते व ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडते. शेतात कोरगुटसारखी खारे पाणी सोसणारी भातजात घेतली जाते, तर मानशीवर मासळी पकडली जाते. बांध एका ठिकाणी फुटला तरी सर्वांच्या शेतात खारे पाणी शिरते. म्हणून त्याची देखभाल कोणा एका शेतकऱ्याच्या आवाक्यातील काम नसते.

कूळ कायदे आणि त्यांचे परिणाम

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. दयानंद बांदोडकर यांच्या सरकारच्या काळात, १९६४ मध्ये, कूळ कायदा संमत झाला व कुळांना संरक्षण मिळाले. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना मुंडकारांना घरातून हुसकावण्यास प्रतिबंध करणारा १९७५ चा कायदा आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानणारी १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती हे टप्पे आले.

या सुधारणांमुळे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुटुंबांना हक्क मिळाला. मात्र कोमुनिदादचे शेतीतील उत्पन्न घटले आणि बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. शेती न परवडणाऱ्या ठिकाणी मानशीवरील मासेमारीचा लिलाव हाच उत्पन्नाचा मोठा स्रोत ठरला. खारे पाणी आत राहिल्यास मासळी वाढते, पण भात जळते. त्यामुळे मासेमारी व भातशेती यांच्या हितसंबंधांत संघर्ष निर्माण झाला. बांध दीर्घकाळ फुटलेला राहिल्यास शेतात खारफुटी वाढते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने अशी जमीन पुन्हा लागवडीखाली आणणे अवघड होते.

रोजगारातील बदल

गोव्यातून रोजगारासाठी होणारे स्थलांतर जुने आहे. पोर्तुगीज काळातच अनेक जण मुंबई, पूर्व आफ्रिका व जहाजांवरील नोकऱ्यांकडे वळले होते. त्यांनी पाठवलेल्या पैशावर घरे चालत आणि शेती हे अनेक कुटुंबांचे एकमेव साधन राहिले नाही. १९५० च्या दशकापासून लोहखनिजाची निर्यात वाढली. खाणी, खनिजवाहू ट्रक व बार्ज यांनी डिचोली, सत्तरी व सांगे भागांत रोजगार दिला. त्याच वेळी खाणींतून वाहून येणारा गाळ खालच्या शेतांत व नाल्यांत साचू लागला. २०१२ मध्ये खाणकाम थांबले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाणीच्या उत्पन्नावर विसंबलेल्या गावांना पर्यायी उपजीविकेचा प्रश्न भेडसावला, परंतु गाळाने भरलेल्या शेतांकडे परतणे सर्वांना शक्य नव्हते.

किनारी तालुक्यांत पर्यटन व बांधकामामुळे जमिनीची किंमत तिच्या पिकापेक्षा कितीतरी अधिक झाली. वारसांमध्ये विभागलेले लहान तुकडे, मजुरीचा वाढता खर्च व शिक्षित तरुणांचा नोकरीकडे असलेला ओढा यांमुळे अनेक शेते पडीक राहिली. लावणी व कापणीसाठी परराज्यांतील मजूर आणि यंत्रे यांचा वापर वाढला. २०११ मध्ये राज्यातील ६२ टक्के लोकसंख्या नागरी होती. ताज्या भाजीपाल्यासाठी राज्य बेळगाव परिसरावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

शासकीय उपाय

सिंचनासाठी साळावली धरण आणि महाराष्ट्राबरोबरचा संयुक्त तिळारी प्रकल्प उभारण्यात आले. धारबांदोडा येथील संजीवनी सहकारी साखर कारखान्यामुळे अंतर्गत तालुक्यांत उसाची लागवड झाली. कारखान्याचे गाळप थांबल्यावर ऊस उत्पादकांचा जवळचा खरेदीदार नाहीसा झाला. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खारट जमिनीसाठी ‘गोवा धान’ मालिकेतील भातवाण विकसित केले आहेत.

जमिनीचा बिगरशेती वापर रोखण्यासाठी कुळांना मिळालेल्या जमिनीवर १९९१ च्या कायद्याने, तर भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्यांना विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध घातले. हे कायदे जमिनीचे हस्तांतरण व वापर नियंत्रित करतात, परंतु शेत प्रत्यक्ष कसले जाईल याची हमी त्यांतून मिळत नाही. पडीक राहिलेल्या खाजन जमिनीत दुरुस्तीअभावी बांध खचतो आणि त्याचा परिणाम लगतच्या कसत्या शेतांवर होतो. त्यामुळे उत्पन्नातील वाटा कमी असला तरी अन्नपुरवठा, पूरनियंत्रण व गोड्या पाण्याच्या विहिरींचे रक्षण या दृष्टीने शेतीचे महत्त्व टिकून आहे.