लोणकढे तूप

लोणकढे तूप म्हणजे दही घुसळून काढलेले लोणी कढवून तयार केलेले तूप होय. आयुर्वेदात यास घृत म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील स्नेहाध्यायात तूप, तेल, वसा व मज्जा या चार स्नेहांत तुपास श्रेष्ठ मानले आहे. कारण स्वतःचे गुण न सोडता ते त्यात सिद्ध केलेल्या औषधींचे गुण धारण करते.

पुणे जिल्ह्यातील भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे तालुके सह्याद्रीच्या माथ्यालगत आहेत. सह्याद्रीच्या या पट्ट्यात गवळी धनगर म्हशी पाळत. बाजार दूर आणि दूध नाशवंत. म्हणून ते लोणी करून खोऱ्यातील कुणब्यांना देत व बदल्यात धान्य घेत.

कृती

कोमट दुधास विरजण लावून दही करतात. ते रवीने घुसळून वर आलेले लोणी थंड पाण्याने धुतात व जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर कढवतात. पाणी उडेपर्यंत तडतड आवाज येतो. तो थांबून तूप पारदर्शक झाले व तळाची बेरी बदामी दिसू लागली, की भांडे उतरवून तूप गाळतात. लवकर उतरवल्यास पाणी राहून तूप लवकर खराब होते. उशीर झाल्यास बेरी करपून चव कडवट होते. भारतीय अन्न सुरक्षा मानकांनुसार तुपात पाण्याचा अंश ०.५ टक्क्यांहून अधिक नसावा.

गाईचे तूप कॅरोटीनमुळे पिवळसर, तर म्हशीचे पांढरट असते. तूप कोरड्या बरणीत ठेवतात व ओला चमचा घालत नाहीत.