बाटलीचे भवितव्य कारखान्यातच ठरते

मुंबईत धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लॅस्टिकच्या भंगाराचा मोठा व्यवसाय चालतो. आलेला माल कामगार प्रकारानुसार व रंगानुसार निवडतात. मग तो दळून, धुऊन, वितळवून त्याचे दाणे बनवितात. हे दाणे कच्चा माल म्हणून पुन्हा कारखान्यांत जातात. मात्र कोणत्या वस्तूचे चांगले दाणे होणार आणि कोणती कचऱ्यात जाणार, हे भंगाराच्या गोदामात ठरत नाही. वस्तूचा नमुना पक्का होतो, त्याच दिवशी ते बहुतांशी ठरलेले असते.

पाण्याच्या बाटलीचेच उदाहरण घेऊ. बाटली 'पेट' नावाच्या प्लॅस्टिकची असते, तर झाकण बहुधा पॉलिएथिलीनचे वा पॉलिप्रॉपिलीनचे. दोन्हींचा चुरा पाण्यात टाकला की पेटचा तळाशी बसतो आणि झाकणाचा वर तरंगतो. अगदी स्वस्तात काम होते. पण त्याच बाटलीवर पीव्हीसीचे वेष्टन असेल तर? त्याचा चुराही पेटप्रमाणेच बुडतो. पेटबरोबर तो थोडा जरी वितळला, तरी आम्ल सुटते, माल पिवळा पडतो, कमजोर होतो आणि भाव पडतो.

रंगाचेही तसेच आहे. पारदर्शक बाटलीच्या दाण्यांना हवा तो रंग देता येतो. हिरव्या बाटलीपासून पुन्हा पारदर्शक बाटली होत नाही. स्प्राइटने २०२२ मध्ये उत्तर अमेरिकेत आपली ओळखीची हिरवी बाटली सोडली, ती याच कारणाने. शांपूच्या पुडीसारख्या वेष्टनात निरनिराळ्या पदार्थांचे थर एकमेकांस चिकटविलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून कचरा वेचणारेही अशा पुड्या सहसा उचलत नाहीत.

आपल्याकडे २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादक, आयातदार व ब्रँडमालक यांच्यावर टाकली. २०२२ मध्ये त्यासंबंधी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली. तेव्हा हा विषय आता केवळ भंगारवाल्याचा राहिलेला नाही.

सरबत, तेल, मसाले बाटलीत भरून विकणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांना आम्ही एवढेच सुचवू : पुढची ऑर्डर देताना पुरवठादाराला चार प्रश्न विचारा. बाटली कशाची? झाकण कशाचे? वेष्टन कशाचे? आणि वेष्टनाचा गोंद धुतल्यावर निघतो का? उत्तरे समाधानकारक नसतील, तर नमुना बदलून मागा. साचा तयार होण्यापूर्वी बदल करणे सोपे असते. नंतर त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.