सुरतेच्या गाडीतले सामान्यज्ञान

मागे आमच्या महाविद्यालयात सामान्यज्ञान स्पर्धेची प्रश्नपत्रिका काढण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्यात एक प्रश्न होता : जगातल्या सर्वाधिक हिऱ्यांना कोणत्या शहरात पैलू पाडले जातात? बहुतेकांनी उत्तर लिहिले, अँटवर्प. उत्तरपत्रिका परत देताना एक विद्यार्थिनी थांबली. तिचे वडील सुरतेत कापडाच्या कारखान्यात कामाला होते आणि ती स्वतः पाचवीपर्यंत तिथल्या मराठी शाळेत शिकलेली. म्हणाली, "सर, मी आधी सुरतच लिहिलं होतं. आमच्या शेजारचे काका हिऱ्याच्या घंटीवर बसायचे. पण गाईडमध्ये वेगळं होतं, म्हणून खोडलं."

ते खोडलेले उत्तर माझ्या मनातून जात नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात असे गाव सापडणार नाही, ज्यातले कोणी सुरतेला नाही. तिथला पगार, खोलीचे भाडे, गाडीची वेळ आपल्याला तोंडपाठ असते. सामान्यज्ञान म्हटले की मात्र आपण मुलांकडून ब्राझीलची राजधानी पाठ करून घेतो. म्हणून आज पाच प्रश्न, सगळे सुरतेच्या वाटेवरचे.

भूगोल : कोणत्या स्टेशनचे बाकडे दोन राज्यांत आहे?

उत्तर आपल्या घरचेच आहे, नवापूर. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांचे कार्यालय गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकड्यावर मधोमध रेघ मारून एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला गुजरात असे लिहिले आहे. कारण साधे आहे. तापी खोऱ्यातला हा लोहमार्ग दोन्ही राज्यांच्या आधीचा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा सीमारेषा स्टेशनातून गेली.

या लोहमार्गाची सोबतीण तापी. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, खानदेशातून प्रवास आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्र. लांबी सुमारे ७२४ किलोमीटर. दख्खनच्या मोठ्या नद्या पूर्वेला जातात. गोदावरी तर पश्चिम किनाऱ्याजवळ उगम पावूनही बंगालच्या उपसागराला मिळते. मग तापी पश्चिमेला का? कारण नर्मदेसारखीच तीही जमीन खचून झालेल्या दरीतून वाहते आणि त्या खचदरीचा उतार पश्चिमेकडे आहे. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यात जोरदार पाऊस झाला, उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. आपल्या अंगणात पडलेला पाऊस सुरतेतल्या आपल्याच माणसांच्या घरात शिरतो, हा भूगोल त्या वर्षी अनेकांना कळला.

खाणे : हुरड्याला सुरतेत काय म्हणतात?

पोंक. थंडीत ज्वारीची कोवळी कणसे भाजून, मळून हिरवे दाणे काढतात आणि लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात. आपण शेंगदाण्याची चटणी घेतो, एवढाच फरक. हुरडा गोड का लागतो? दाणा कोवळा असताना त्यात साखर जास्त असते. तो पिकत जातो तसतसे त्या साखरेचे स्टार्च होते. म्हणूनच हुरड्याचे दिवस थोडे असतात. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, पण खानदेशी माणसाला हे सांगून पटणार नाही.

उंधियूचे नाव 'उंधु' म्हणजे उलटे या शब्दावरून आले. भाज्या भरलेले मडके उलटे ठेवून त्यावर जाळ करायचा, ही मूळ रीत. आपल्या रायगडात वालाच्या शेंगांची पोपटी लावतात, तीही मडके उलटे ठेवूनच. उंधियूतला बटाटा, रताळे आणि मिरची ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली. वांगे मात्र आपल्याकडचे. एका मडक्यात एवढा जगाचा नकाशा शिजतो.

सिनेमा : हरिहर जरीवाला कोण?

संजीव कुमार. ९ जुलै १९३८ चा जन्म, घराणे सुरतेचे. आडनावातच गावाचा धंदा आहे. चांदीची तार केसासारखी बारीक ओढायची, चपटी करायची, रेशमी धाग्याभोवती गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा, ही अस्सल जर. आपल्या येवल्याच्या पैठणीचा काठ ज्या जरीने उठून दिसतो, ती जर सुरतेहून येते. आता स्वस्त साड्यांत तांब्याची किंवा प्लास्टिकची जर वापरतात, हेही घेणाऱ्याला माहीत असावे.

संजीव कुमार यांच्यावरचा माझा आवडता प्रश्न असा : जया भादुरी त्यांच्या कोण? 'परिचय' (१९७२) मध्ये मुलगी, त्याच वर्षीच्या 'कोशिश'मध्ये पत्नी, 'अनामिका'त (१९७३) प्रेयसी आणि 'शोले'त (१९७५) सून. ठाकूर म्हणून पडद्यावर आले तेव्हा त्यांचे वय होते अवघे ३७. सिनेमात इतक्या वेळा म्हातारा झालेला हा माणूस प्रत्यक्षात ६ नोव्हेंबर १९८५ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी गेला.

निसर्ग : हिरा कशाने घासतात?

हिऱ्यानेच. निसर्गात सापडणाऱ्या खनिजांत तो सर्वांत कठीण, म्हणून फिरत्या लोखंडी तबकडीवर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी लावून त्यावर हिरा धरतात. हीच ती घंटी. नेहमीच्या गोल हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात आणि कारागीर ते दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तपासतो. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी साधारण नऊ भारतात पैलू पाडून निघतात आणि त्यातले बहुतेक सुरतेत. अँटवर्प हे व्यापाराचे जुने, मोठे नाव. पण हात चालतात ते सुरतेत. १७ डिसेंबर २०२३ रोजी उद्घाटन झालेले तिथले हिरे बाजाराचे संकुल क्षेत्रफळात अमेरिकेच्या पेंटागॉनपेक्षाही मोठे आहे.

एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ग्रॅमचा पाचवा भाग. सोन्याचे २२, २४ कॅरेट वेगळे. ते वजन नव्हे, शुद्धता सांगतात. आणि हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, पेन्सिलीतल्या शिशाचा सख्खा भाऊ. फरक फक्त अणूंच्या मांडणीचा. आपल्या शरीराच्या वजनातही साधारण १८ टक्के कार्बन असतो. पन्नास किलोच्या माणसात तो नऊ किलो भरेल. घंटीवर बसणाऱ्याच्या अंगात मालकाच्या तिजोरीतल्यापेक्षा जास्त कार्बन असतो, असे त्या विद्यार्थिनीला सांगितले तेव्हा ती मनापासून हसली.

शरीर : प्लेगमध्ये गाठ का येते?

हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. उंदरांवरच्या पिसवा चावल्या की प्लेगचे जिवाणू शरीरात शिरतात. रोगजंतूंना अडवण्यासाठी आपल्या जांघेत, काखेत, मानेत लसिका ग्रंथी असतात. जिवाणू तिथे पोहोचले की ग्रंथी सुजते, तीच गाठ. जिवाणू फुप्फुसात गेले तर फुप्फुसाचा प्लेग होतो आणि तो रुग्णाच्या खोकल्यातून पसरतो. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत होता तो हा दुसरा प्रकार.

मी तेव्हा शाळेत होतो. लाखो लोक सुरत सोडून निघाले. आमच्या गल्लीतले एक कुटुंब रात्रीच्या गाडीने परत आले. सकाळी त्यांच्या दारात कोणी गेले नाही. नळावर त्यांची घागर बाजूला सारली गेली. आमच्या घरून त्यांना रोज जाणारे दूधही बंद झाले. महिना उलटला तरी तसेच. त्या घरात कोणालाही काही झाले नाही. पुढे मात्र ते दिवाळीला गावी येईनासे झाले.

फुप्फुसाच्या प्लेगची लक्षणे साधारण आठवड्याच्या आत दिसतात, त्यानंतर भीती उरत नाही. आणि वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर रुग्ण बरा होतो. एवढ्या दोन गोष्टी गल्लीत कोणाला माहीत असत्या, तर आम्ही आठ दिवस जपलो असतो आणि नवव्या दिवशी दूध पाठवले असते. सामान्यज्ञानाचा उपयोग काय, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना ही हकिकत सांगतो.

सुरतेने मात्र त्यातून धडा घेतला. १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी कचरा आणि सांडपाण्याची व्यवस्था सुधारली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिली आली. त्या झाडलोटीत आपल्याकडच्या किती माणसांचे हात असतील!

सुट्टीत सुरतेहून काका-मामा आले की मुले पिशवीत घारी आहे का ते आधी पाहतात. पाहू द्यावे. मग त्यांनी काकांजवळ बसून विचारावे : काका, तुमचे मशीन कसे चालते? धागा कुठून येतो? साडी कुठे जाते? उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. आणि गाईडमध्ये काही वेगळे आढळले, तर काकांचे उत्तर लगेच खोडू नये. आधी शिक्षकांना विचारावे.