उशिरा हसणारे बाळ

डाऊन सिंड्रोम असलेले बाळ घरात आले की पहिल्या महिन्यांत आईच्या मनाला एक गोष्ट फार लागते. हाक मारली तर बाळ हसत नाही, नजरेला नजर देत नाही. कोणीही उचलले तरी रडत नाही. ‘याला माया कळत नाही,’ असे शेजारीपाजारी बोलून जातात. मग घरचेही त्याच्याशी बोलणे कमी करतात. खरे नुकसान येथेच होते.

या बाळांच्या पेशींत बहुधा ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. २१ व्या क्रमांकाचे एक जास्त. पॅरिसच्या जेरोम लेजून व सहकाऱ्यांनी हे १९५९ साली दाखवून दिले. हा आईचा दोष नव्हे, की ग्रहणाचा परिणाम नव्हे. या मुलांचे स्नायू सैल असतात, चेहऱ्याचेसुद्धा. म्हणून हसू उशिरा येते आणि आले तरी पुसट असते.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९७६ साली अशा बाळांच्या हसण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळे उशिरा हसली, पण क्रम इतर बाळांचाच होता: आधी स्पर्शाला व आवाजाला, मग पाहून कळणाऱ्या गमतीला. आई दूर गेली की कावरेबावरे होणे, हेही असेच मागाहून दिसते. ओढ असते, ती बाहेर दिसायला वेळ लागतो.

मग काय करावे? बाळाच्या डोक्याला आधार देऊन त्याचे तोंड आपल्या तोंडासमोर धरावे. एकदा बोलावे आणि थांबावे. मनात सावकाश दहा आकडे मोजावेत. उत्तर ओठांच्या किंवा पायांच्या बारीक हालचालीने येईल. ते दिसताच पुन्हा बोलावे. पेरणी-कापणीच्या घाईतही बाळ रोज नव्या हाती देऊ नये. एकदोन माणसे ठरलेली असावीत. शेतावर जाताना गुपचूप निघू नये, सांगून जावे. परत आल्यावर आधी त्याला जवळ घ्यावे.

कान, डोळे, हृदय व थायरॉईड तपासून घ्यावेत. यांपैकी सुमारे निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. दमलेले किंवा ऐकू न येणारे बाळ हाकेला ओ कशी देणार? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमचा समावेश आहे. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

एकाच वाफ्यातले सारे दाणे एका दिवशी उगवत नाहीत, म्हणून आपण पाणी तोडत नाही. बाळाशी बोलणेही तोडू नये.