मोटारीचे ॲव्हरेज : कागदावरचे आणि रस्त्यावरचे

मोटार घ्यावयाची ठरली की आपल्या वऱ्हाडात पहिला प्रश्न निघतो तो ॲव्हरेजचा. विक्रेता लिटरला २० किलोमीटरचा आकडा दाखवतो. घरचा कर्ता त्यावर महिन्याचा खर्च बेततो, कर्जाचा हप्ता त्यात बसवतो आणि होकार देतो. पुढे गाडी लिटरला १५ किलोमीटरच चालली, तर महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्यास ५० ऐवजी ६७ लिटर पेट्रोल लागते. वर्षाकाठी ही तूट दोनशे लिटरांची झाली. मग ‘मापात पाप’ आहे काय?

प्रथम हे माप कसे घेतात ते पाहू. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा चाचण्या करणारी एक प्रमुख संस्था. येथे गाडी रस्त्यावर धावत नाही. एका जागी उभी राहून तिची चाके फिरत्या रुळांवर चालतात. बाहेर पडणाऱ्या धुरातील कार्बन मोजून जळलेल्या इंधनाचा हिशेब करतात. आजवरच्या बहुतेक भारतीय मोटारींचे आकडे ज्या चाचणीतून आले, तिचा काळ १,१८० सेकंद, अंतर सुमारे साडेदहा किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३२ आणि कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. खोलीचे तापमान २० ते ३० अंश आणि एसी बंद!

आता अकोल्याचा मे महिना आठवा. पारा ४४ अंशांपुढे जातो, तेव्हा एसी बंद ठेवून कोण प्रवास करील? एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. राजकमल चौकातल्या गर्दीत गाडी रांगत असते तेव्हा अंतर कापले जात नाही, इंधन मात्र जळतच राहते. उलट मोकळ्या रस्त्याची गोष्ट वेगळी. अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ साली ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो. परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० चे १०० केले, तर तो दीडपटीहून अधिक होतो. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी. म्हणून २० टक्के मिश्रणाच्या लिटरात सहा-सात टक्के ऊर्जा कमीच असते.

तात्पर्य, आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्याच परिस्थितीचा असतो. सर्व गाड्यांना एकच कसोटी लावल्यामुळे दोन गाड्यांची तुलना करण्यास तो उपयोगी पडतो. मात्र प्रश्नपत्रिका आधीच ठाऊक असली की विद्यार्थी तेवढाच अभ्यास करतो, तसे कारखानदारांचेही होते. युरोपात जुन्या चाचणीचे आकडे आणि प्रत्यक्ष वापर यांतील तफावत २००१ च्या सुमारास दहा टक्क्यांच्या आत होती. २०१७ पर्यंत ती चाळीस टक्क्यांच्या घरात गेली. त्याच वर्षी तेथे नवी चाचणी लागू होऊ लागली. अमेरिकेने तर २००८ च्या मोटारींपासून ३५ अंश तापमानात एसी चालवून घेतलेले मापही हिशेबात धरले. उन्हाळ्याच्या आपल्या देशात अशा मापाची मागणी ग्राहकांनी करणे मुळीच गैर नाही.

तोवर आपले माप आपणच घ्यावे. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, पुन्हा टाकी भरताना किती लिटर लागले ते पाहून भागाकार करावा. असे चार-पाच वेळा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही करावे. गाडी घेण्यापूर्वी, तीच गाडी आपल्याच गावात चालविणाऱ्याकडून हा हिशेब विचारून घ्यावा. हप्ता ठरवावयाचा तो या आकड्यावर.